एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांवरून चार वर्षांवर आणायला हरकत काय?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बारावीला आहे, कागलच्या बाजूला राहता, घर शेतीवर चालतं. परदेशात तीन वर्षांत एमडी (तिकडची डॉक्टरकीची पहिली पदवी) होतात आणि आपल्याकडे खेड्यात डॉक्टर मिळत नाहीत, तर मग एमबीबीएस चार वर्षांचं का करत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात पंचवीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करते आणि भाचा नुकताच नव्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलाय, म्हणून दोन्ही काळांबद्दल बोलू शकते.

चार वर्षांचं करू नये, असं मला वाटतं. मात्र साडेपाच वर्षं आज ज्या पद्धतीने खर्च होतात, तशीच ती चालू राहावीत असंही मी म्हणणार नाही.

आधी हिशेब मांडते. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, अशी ही साडेपाच वर्षं. मी १९९२ ला प्रवेश घेतला. तेव्हा कोल्हापुरात सरकारी मेडिकल कॉलेज नव्हतं, ते २००० नंतर आलं. इथली मुलं मिरजेला, सोलापूरला, पुण्याला जायची. आमचं ‘फर्स्ट एमबीबीएस’ दीड वर्षाचं होतं. त्यात अ‍ॅनॉटॉमी म्हणजे शरीराची रचना, फिजिऑलॉजी म्हणजे शरीराचं काम आणि बायोकेमिस्ट्री म्हणजे शरीरातलं रसायन, एवढंच. दीड वर्ष आम्ही डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनच्या वासात काढलं आणि त्या काळात एकाही जिवंत पेशंटला हात लावला नाही. १९९७ च्या नियमांनी ते दीड वर्ष एका वर्षावर आणलं. त्यातून वाचलेले सहा महिने शेवटच्या टप्प्याला, म्हणजे मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण या विषयांकडे गेले. माझ्या मते या अभ्यासक्रमात आजवर झालेल्या बदलांपैकी हा सगळ्यात शहाणपणाचा.

मग २०१९ ला नवा अभ्यासक्रम आला. सुरुवातीला महिनाभराचा फाउंडेशन कोर्स, तो धरून पहिलं वर्ष पुन्हा चौदा महिन्यांच्या आसपास गेलं. त्याची भरपाई दुसऱ्या वर्षातून केली. पूर्वी पॅथॉलॉजी, फार्माकॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीला अठरा महिने मिळायचे, ते बारावर आले. एकूण साडेचार वर्षं जिथल्या तिथे राहिली. मला हे पटलेलं नाही. ओपीडीत बसल्यावर रोज, प्रत्येक पेशंटला, ज्याची गरज लागते तो विषय म्हणजे फार्माकॉलॉजी. कोणतं औषध कुणाला, किती, किडनी बिघडलेल्या माणसाला कोणती वेदनाशामक गोळी देऊ नये, पोटुशी बाईला कोणतं अँटिबायोटिक चालत नाही, हे सगळं तिथलं. त्याच्या वाटचे महिने कमी झाले.

पण त्याच अभ्यासक्रमात चांगल्या गोष्टीही आल्यात, आणि त्या मी भाच्याकडून रोजच्या रोज ऐकल्या. पहिल्या वर्षापासून पेशंटसमोर उभं करतात. पेशंटशी कसं बोलायचं, वाईट बातमी कशी सांगायची, याचे तास आहेत. पुढच्या बॅचेसना खेड्यातली कुटुंबं दत्तक दिली जातात. विद्यार्थ्याने त्या घरी पुन्हा पुन्हा जायचं, बीपी तपासायचं, कोण काय खातं, पाणी कुठून भरतं ते बघायचं. भाच्याच्या कॉलेजात एका ज्युनिअर मुलीला अशी एक आजी मिळाली. आजींचं बीपी काही केल्या उतरेना. तिसऱ्या भेटीत कळलं की आजी गोळी एक दिवसाआड घेत होत्या, पाकीट महिन्याऐवजी दोन महिने पुरावं म्हणून. ही माहिती तिला कुठल्याही लेक्चरमध्ये मिळाली नसती. अभ्यासक्रम लहान करायचा म्हटलं की पहिली कात्री अशाच गोष्टींवर चालते, कारण यावर परीक्षेत मोठा प्रश्न येत नाही. माझा विरोध इथून सुरू होतो.

आता मी चार वर्षांना नाही का म्हणते, ते सांगते.

इंटर्नशिप संपल्यावर मी घाटाकडच्या एका तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. पावसाळा होता. तिसऱ्या की चौथ्या रात्री एक बाई बाळंत झाली. तिसरी खेप. बाळ रडलं, वार पडली, सगळं नीट झालं असं वाटलं आणि दहा मिनिटांत खालची चादर भिजली. गर्भाची पिशवी आवळतच नव्हती. जवळचं मोठं हॉस्पिटल दीड तासावर, बाहेर धो-धो पाऊस, गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. पोट चोळलं, पिटोसिनची सलाईन लावली, मेथर्जिन दिलं, ही पिशवी आवळायची औषधं, तरी रक्त थांबेना. शेवटी एक हात आतून, एक हात पोटावरून घालून पिशवी दोन्ही हातांत दाबून धरली. किती वेळ ते मला आजही सांगता येणार नाही. सिस्टरनी बीपी मोजत राहायचं आणि मी हात हलवायचा नाही, एवढंच चाललं होतं. माझे हात बधिर झाले, पण पिशवी आवळली. पहाटे गाडी आली तेव्हा ती बाई बाळाला पाजत होती.

ते हात कुठे तयार झाले? पुस्तकात ते चार ओळींत आहे, आणि ती पुस्तकं मला पाठ होती. पण खरं कारण असं की फायनल इयरला आमच्या लेबर रूमच्या एका वयस्क सिस्टरनी मला नाइटला थांबवून घ्यायची सवय लावली होती. “डॉक्टरीण व्हायचंय ना, मग झोपायला कशाला जातीस,” असं म्हणून त्या मला टेबलाशी उभं करायच्या. अशाच एका रात्री आमच्या मॅडमनी हेच सगळं माझ्यासमोर केलं होतं आणि माझा हात हातात धरून पिशवी सैल असताना कशी लागते आणि आवळल्यावर कशी लागते ते दाखवलं होतं. सैल पिशवी ओल्या कणकेच्या गोळ्यासारखी लागते, आवळलेली क्रिकेटच्या चेंडूसारखी. एकदा हाताला कळलं की विसरत नाही. पण ती रात्र वाट्याला यायला तिथे पुष्कळ रात्री काढाव्या लागतात. अशा रात्री वेळापत्रकात घालता येत नाहीत, पेशंट आपल्या वेळेला येतो.

दुसरी गोष्ट भाषेची. शिरोळकडचा एक शेतकरी आला, साठीचा. म्हणाला, “बाई, जीव नुसता हुरहुरतोय, अवसान गेल्यागत झालंय.” छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाला. घाम आलेला होता. ईसीजी काढला तर हार्ट अ‍ॅटॅक. आमच्याकडचा माणूस ‘छातीत कळ येते’ असं सरळ सांगेलच असं नाही, आणि डायबेटिस असेल तर त्याला कधी कधी कळ येतही नाही. ‘अवसान गळालं’, ‘उमळून येतंय’, ‘डोळ्याम्होरं अंधारी आली’ या शब्दांमागे कधी साधा अशक्तपणा असतो, कधी साखर उतरलेली असते, कधी हृदय. शेकडो माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यातला फरक कानाला कळत नाही. परराज्यातून येणाऱ्या मुलांना फाउंडेशन कोर्समध्ये मराठीचे धडे देतात, ते चांगलंच आहे. पण कान वॉर्डातच तयार होतो.

याच्या उलट बाजूला एक माणूस आहे आणि त्याला बाजूला सारून मी उत्तर देणार नाही. लहानपणी आमच्या गल्लीत एक एलसीपीएस डॉक्टर होते. हा एमबीबीएसपेक्षा छोटा कोर्स. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची, १९१२ साली निघालेल्या संस्थेची ती पदवी. अशा छोट्या अभ्यासक्रमाच्या डॉक्टरांना लायसेन्शिएट म्हणत आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाचा दवाखाना तेच चालवत होते. देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात देशात सुमारे साडेसत्तेचाळीस हजार डॉक्टर मोजले, त्यातले जवळपास तीस हजार लायसेन्शिएट होते. समितीने तो छोटा कोर्स बंद करून देशभर एकाच दर्जाचा, एकाच पदवीचा ‘बेसिक डॉक्टर’ असावा असं सुचवलं. समितीतल्या काही सदस्यांना ते तेव्हाही मान्य नव्हतं. डॉक्टर इतके कमी असताना निम्म्याहून जास्त जिथून येतात तो रस्ताच का बंद करता, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे तुमचा प्रश्न ऐंशी वर्षांचा जुना आहे आणि तेव्हाही तो वाजवी होता.

आमच्या गल्लीतले डॉक्टर उत्तम होते. पोट हाताने चाचपून अपेंडिक्स सांगायचे. आम्ही शिकत असताना मी त्यांना एकदा विचारलं की तुम्ही हे कुठे शिकलात. ते म्हणाले, “आम्हाला वर्गात बसवायला वेळच नव्हता, सकाळ-संध्याकाळ वॉर्डात.” त्यांच्या शिक्षणातली वर्षं थोडी होती, पण ती पेशंटच्या कॉटशेजारी गेली होती. आज जी चार वर्षांची कल्पना मांडतात तिच्यात हे कुठेच दिसत नाही. विषय तेवढेच, पुस्तकं तेवढीच, आणि वेळ कमी. मग कुठला वेळ जाणार ते उघड आहे.

असे प्रयोग अलीकडेही झालेत. छत्तीसगडने २००१ ला तीन वर्षांचा कोर्स काढला. पदवीच्या नावावरून आणि कायद्यावरून वाद होऊन तो काही वर्षांत बंद पडला, पण त्यातून तयार झालेल्यांना सरकारने ग्रामीण वैद्यकीय साहाय्यक म्हणून आरोग्य केंद्रांत नेमलं. नंतर त्यांच्या कामाचा अभ्यास झाला तेव्हा प्राथमिक केंद्रातल्या नेहमीच्या आजारांत ते एमबीबीएस डॉक्टरांइतकेच सक्षम आढळले. आसामनेही जोरहाटला साडेतीन वर्षांचा डिप्लोमा सुरू केला होता, त्याचा कायदा गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. आमच्या व्यवसायातले बरेच जण छत्तीसगडचं नाव काढलं की विषय बदलतात. मला ते पटत नाही. ताप, जुलाब, मलेरिया, खोकला, जखम, लसीकरण, नेहमीची बाळंतपणं यासाठी तीन वर्षांत माणूस चांगला तयार होतो, हे मान्य करायला पाहिजे. त्याला वेगळं नाव द्यावं, त्याच्या कामाची हद्द ठरवावी, वर देखरेखीला डॉक्टर असावा. पण तो वेगळा कोर्स आहे. एमबीबीएसच कापून त्याच्याइतकं करणं ही निराळी गोष्ट, कारण पुढे पाठवायचं कुणाला हे ठरवणारा, आणि पाठवता येत नसेल त्या रात्री स्वतः उभा राहणारा, कुणीतरी लागतोच.

परदेशातल्या तीन वर्षांबद्दल थोडक्यात. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात पहिल्यापासून तीन वर्षांचा कोर्स आहे, न्यूयॉर्क विद्यापीठानेही २०१३ ला तीन वर्षांची वाट काढली. पण अमेरिकेत मुलं आधी चार वर्षांची पदवी घेऊन मग मेडिकलला येतात. बारावीनंतर मोजलं तर ते सात-आठ वर्षांनी डॉक्टर होतात, आपण साडेपाच. ब्रिटनमध्ये शाळेनंतर थेट जातात, तिथे साधारण पाच वर्षं आहेत. अठरा वर्षांची पोर आणि बावीस वर्षांची पदवीधर यांत फरक असतो, हे तुम्हाला घरात बघूनही कळेल. आणि तुमच्या डोक्यात बाहेर पाठवायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे बाहेरचा कोर्स किमान ५४ महिन्यांचा आणि वर १२ महिन्यांची इंटर्नशिप असल्याशिवाय इथे नोंदणीचा विचारच होत नाही. ‘लवकर होतं’ म्हणून सांगणाऱ्या एजंटाला हा आकडा विचारा.

आता मूळ दुखणं. शिक्षण जिथे पक्कं व्हायचं ते वर्ष इंटर्नशिपचं, आणि तेच आज सगळ्यात पोकळ झालंय. इंटर्नशिप संपली की नीट-पीजी, म्हणजे पुढच्या पदव्युत्तर शिक्षणाची प्रवेश परीक्षा. जागा कमी, मुलं फार. त्यामुळे हातात स्टेथोस्कोप असतो आणि डोळे मोबाईलवरच्या प्रश्नसंचात. भाच्याच्या बॅचला कोविडमुळे प्रवेशच फेब्रुवारी २०२१ ला मिळाला, पहिलं वर्ष ऑनलाइन सुरू झालं, पुढची वर्षं आखडली. म्हणजे अभ्यासक्रम छोटा केला तर काय होतं त्याचा नमुना आमच्या घरातच होता. तो हुशार आहे, मार्क उत्तम आहेत. पण इंटर्नशिपच्या चौथ्या महिन्यात त्याने मला फोन करून विचारलं, “आत्या, रायल्स ट्यूब घालताना पेशंट खोकायला लागला तर काढायची की थांबायचं?” ही नाकातून पोटात घालायची नळी. हे त्याला आदल्या वर्षी कुणीतरी कॉटजवळ उभं राहून दाखवायला हवं होतं. त्याच्या युनिटला इंटर्नची कामं काय, तर ब्लडचे नमुने लॅबला नेणं, रिपोर्ट आणणं, ट्रॉली ढकलणं. लॉगबुकात मात्र सगळ्या रकान्यांत सह्या. कुठल्या एका कॉलेजाची ही गोष्ट नाही, बऱ्याच ठिकाणी असंच चालतं, म्हणून नाव घेत नाही.

आणि मुलांची वर्षं खरोखर कुठे वाया जातात ते बघा. २०२१ ची नीट-पीजी जानेवारीची एप्रिलवर गेली, एप्रिलची सप्टेंबरवर. काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटप, कोर्टातल्या वादामुळे जानेवारी २०२२ ला सुरू झालं. त्या डिसेंबरात निवासी डॉक्टर रस्त्यावर आले होते, तुम्हाला आठवत असेल. एमबीबीएस होऊन बसलेल्या मुलांचं एक वर्ष असं गेलं आणि त्याचा अभ्यासक्रमाच्या लांबीशी काहीही संबंध नव्हता. सहा महिने, वर्ष वाचवायचंच असेल तर तिथून वाचवा. परीक्षा ठरल्या तारखेला घ्या, निकाल आणि प्रवेश महिन्याभरात लावा. २०१९ च्या कायद्यात शेवटच्या वर्षाला देशभर एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा ठेवलीय, ती अजून झालेली नाही. तिच्यात हाताचं कौशल्य खरंच तपासलं तर मी तिच्या बाजूची. नुसती पर्यायांवर खुणा करायची परीक्षा निघाली तर फायनल इयरही क्लासवाल्यांच्या ताब्यात जाईल.

माझ्या हातात असतं तर मी बायोकेमिस्ट्रीतल्या पाठ करायच्या साखळ्या निम्म्या केल्या असत्या. त्या परीक्षेच्या सकाळी पाठ असतात आणि दुपारी विसरतात. अ‍ॅनॉटॉमीचा बराच भाग सर्जरीच्या टर्ममध्ये पुन्हा येतो, तो तिथेच शिकवला असता. वाचलेला वेळ फार्माकॉलॉजीला, लेबर रूमला आणि कॅज्युअल्टीला दिला असता. साप चावलेला, फवारणीचं औषध पोटात गेलेला, पुरानंतर कावीळ आणि ताप घेऊन आलेला, हे आमच्या जिल्ह्याचे पेशंट. २०१९ च्या पुरानंतर लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, भीतीने डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक वाटायची वेळ आली तेव्हा कुणाला द्यायचं नाही, हे सांगायला प्रत्येक छावणीत डॉक्टर हवा होता. आणि इंटर्नशिपमधले कम्युनिटी मेडिसिनचे बारा आठवडे खऱ्या अर्थाने आरोग्य केंद्रात, मुक्कामी, शिकवणाऱ्या डॉक्टरच्या हाताखाली काढायला लावले असते. खेड्यात डॉक्टर टिकत नाही याला अभ्यासक्रमाची लांबी कारण आहे असं मला वाटत नाही. तिथे राहायला धड खोली नसते, सोबत दुसरा डॉक्टर नसतो, रात्री काही बिघडलं तर जमाव अंगावर येतो, हे मी स्वतः बघितलंय. चार वर्षांत बाहेर पडलेला डॉक्टरही त्याच कारणांनी तिथून निघून जाईल, शिवाय हातात आत्मविश्वास कमी असेल.

तुमच्या मुलीबद्दल. साडेपाच वर्षं ऐकून घाबरू नका, पण साडेपाचवर संपतं असंही धरू नका. बहुतेक मुलं पीजीच्या मागे लागतात, तीन वर्षं ती. तिला एमबीबीएसवर थांबून फॅमिली डॉक्टर व्हायचं असेल तर आमच्या भागात आजही सन्मानाने घर चालतं, माझं चाललं. ती काय करेल ते आत्ता ठरवायची गरज नाही. बारावीची परीक्षा झाली की तिला एखाद्या सोमवारी सकाळी सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, घेऊन या. केसपेपरच्या खिडकीपाशी तासभर दोघं नुसते बसा, माणसं काय बोलतात ते तिला ऐकू द्या. मग घरी जाताना बसमध्ये तिला विचारा.